फक्त खाजगी वितरणासाठी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशा तीन पाट्या होत्या. तिन्ही मी लावल्या होत्या आणि तिन्ही एकाच माणसासाठी होत्या. तो माणूस विद्यार्थी नव्हता. प्राणिशास्त्र शिकवणारे आमचे सर होते ते.

सर भिवंडीचेच, जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. घराच्या तळमजल्यावर वडिलांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, वरच्या मजल्यावर संसार. जन्मल्यापासून त्या खटखटाटात वाढलेला माणूस. साधं ‘पाणी द्या’ म्हणाले तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. मी ग्रंथपाल म्हणून नवी लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, “सर, जरा हळू.” ते चकित झाले. “मी हळूच बोलतोय, मॅडम!” आणि वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. पुढे माझ्या लक्षात आलं, दुपारी वीज गेली आणि आसपासचे लूम थांबले की सर एकदम अस्वस्थ होत. इकडेतिकडे बघत आणि कुजबुजत विचारत, “काय झालं?” भिवंडीत शांतता झाली म्हणजे काहीतरी बिघडलंय, अशी त्यांची समजूत.

पुस्तक हातात आलं की ते शेवटून उघडत. मुद्रक कोण, छापलं कुठे, तारीख कोणती. मग मुखपृष्ठ. मजकूर सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर. लग्नपत्रिका आली तरी आधी उलटी करून प्रेसचं नाव बघत. एकदा आमच्या एका प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर सर म्हणाले, “मुबारक हो! छपाई कल्याणला करून घेतलीत? इथं काय वाईट होतं?” मुलीचं नाव त्यांनी बघितलंच नव्हतं.

त्यांच्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी असे. कुठे मिळाली, केव्हा, कोणी आणली. बाटलीतल्या गोगलगायीला असते तशीच छत्रीला. डब्याच्या झाकणालासुद्धा. ती मात्र भाभींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एके दिवशी कात्रीनं कापून टाकली. “ह्या घरात निदान डाळ तरी जिवंत माणसांची राहू द्या,” असं म्हणाल्या म्हणे.

शेवटचं पान आधी का वाचता, असं मी एकदा विचारलं. सर खुर्ची ओढून समोर बसले. पाटीकडे बघून त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

“प्राण्याला दोन शब्दांचं शास्त्रीय नाव असतं ना, ते कुठंही लिहून चालत नाही. छापलेलं लागतं. लोकांना मिळेल असं छापलेलं, प्राण्याचं वर्णन करून छापलेलं. आणि एखादं पुस्तक नावासाठी चालतं की नाही, यावर वाद झाला तर तो सोडवायला जगाचा एक आयोग आहे. त्यांच्याकडे दोन याद्या. चालणाऱ्या ग्रंथांची एक, न चालणाऱ्यांची एक.”

“न चालणारी म्हणजे चुकीची पुस्तकं?”

“छे छे! काही तर इतकी सुंदर आहेत. हातानं रंगवलेली चित्रं. माणसानं आयुष्य घातलंय त्यात. पण नावं देताना कुठे दोन शब्द, कुठे चार, कुठे अख्खं वाक्य. आयोग म्हणाला, नावापुरतं हे धरता येणार नाही. बस. त्यानं पुस्तक वाईट झालं नाही. वाचा, चित्रं बघा, खुश व्हा. फक्त त्यातलं नाव उचलू नका.”

मला हा अन्याय वाटला आणि मी तसं म्हटलं. सर हसले. “एकाच माशाला प्रत्येक बंदरावर वेगळं नाव असलं तर कोळ्यांचं अडत नाही. पण दोन बंदरांचे कोळी एकमेकांशी बोलायला लागले की अडतं. कुठंतरी थांबून म्हणावं लागतं की हे धरायचं, हे नाही.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. बाजारात एकाच नावाच्या दोन बेकऱ्या शेजारीशेजारी होत्या, आणि खरी जुनी कोणती यावरून दोन्ही मालकांची रोजची जुंपे. एकदा त्यांनी सरांनाच मध्ये घातलं. सर म्हणाले, नाव छापलेला सगळ्यात जुना कागद घेऊन या. एकानं कागदी पिशवी आणली, पिवळी पडलेली. दुसऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. सरांनी कॅलेंडरवाल्याच्या बाजूनं निकाल दिला.

“सर, थैली तो हमारी पहले की है,” पहिला काकुळतीला आला.

“होगी. मैं भी मानता हूँ. लेकिन तारीख कहाँ है?”

हरलेल्या माणसाच्या दुकानाला नवं नाव सरांनीच सुचवलं, पाटीचा मजकूरही लिहून दिला. आणि त्या दिवसापासून नानखटाई घेतली ती त्याच्याकडूनच. “तो खोटं बोलत नव्हता हो,” ते मला म्हणाले. “त्याच्याकडे फक्त तारीख नव्हती.”

*

सरांनी पीएच.डी. केली नव्हती. मोठ्या संस्थांमधले लोक त्यांना ‘भिवंडीचे खेकडेवाले’ म्हणत, आणि सर ते कौतुकच समजत. रविवारी स्कूटर काढायची, अंबाडी गावाच्या पुढे डोंगराच्या अंगाला जायचं आणि ओहोळाकाठी दगड उलटे करत बसायचं, हा त्यांचा नेम. तिथल्या एका पाड्यावर बुधीबाई राहते. पावसाळ्यात स्वतःची थोडी भातशेती, बाकीचे दिवस मजुरी, आणि चिंबोऱ्या पकडण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नाही. सर तासभर दगड उलटत आणि रिकाम्या हातानं बसत. ही येई, कपारीत हात घाले आणि खेकडा बाहेर काढे.

तिनंच एकदा सरांना म्हटलं, “मास्तर, ही वायली हाय. खालच्या ओहोळात न्हाय गावत.” पाठ जांभळट काळी, नांग्या हळदीत बुडवल्यासारख्या. सरांनी तो खेकडा प्रयोगशाळेत आणला. नराच्या पोटाखालच्या एका बारीकशा अवयवाचा आकार बघून खेकड्यांच्या जाती ओळखतात. तो बघत ते तीन महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. जगातली मिळतील तेवढी वर्णनं मागवली, त्यातली निम्मी माझ्या मार्फत. जुळणारं एकही नाही. जात नवी होती.

नमुना मुंबईच्या एका संग्रहालयात रीतसर जमा करून सर पाड्यावर गेले. त्या दिवशी मीही बरोबर होते. अंगणात बसून ते बुधीबाईला म्हणाले, “ह्या चिंबोरीला तुमचं नाव देतोय. बाईचं नाव असलं की लॅटिनमध्ये पुढे ‘आए’ लागतं. बुधीआए.”

बुधीबाईनं पदर तोंडाला लावला. “आये? मी काय तिची आय हाय?”

सर इतक्या मोठ्यानं हसले की कोंबड्या पळाल्या. “हा, तसंच समजा!”

*

आता माझ्या हातून झालेली चूक.

सरांनी ते वर्णन परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवलं होतं. दीड वर्ष तिथून उत्तर नाही. मग उत्तर आलं ते असं, की एखाद्या नावाजलेल्या संस्थेतला सहलेखक घेतलात तर विचार करू. सरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या संपादन समितीत मी होते. मी म्हटलं, “सर, आपल्याच अंकात छापा की. नियमात बसतं ना?”

सरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि दोन दिवस वाचलं. “बसतं. छापील हवं, एकसारख्या भरपूर प्रती हव्यात, मागेल त्याला मिळायला हवं. नियतकालिक मोठंच हवं असं कुठंही लिहिलेलं नाही.”

इंग्रजीत वर्णन, खाली मराठीत सारांश, स्वतः काढलेली चित्रं. आपल्या लेखाची मुद्रितं सरांनी पाच वेळा तपासली. अंक छापायला जायच्या दिवशी मी एकटी प्रेसमध्ये होते. मागच्या आवरणाची जागा कोरी दिसली. प्रेसवाल्यानं विचारलं, “मॅडम, वो हर साल वाली लाइन डालनी है?” मी मागच्या वर्षीचा अंक बघितला आणि म्हटलं, टाका. ती ओळ अशी: ‘फक्त खाजगी वितरणासाठी.’

अंक आले. सरांनी गठ्ठ्यातला पहिला उचलला आणि सवयीप्रमाणे मागून बघितला. बघतच राहिले.

“ही ओळ कोणी टाकली?”

“मी. का? दरवर्षी असते.”

“दरवर्षी त्यात खेकडा नसतो, मॅडम.”

मला अजून काही कळलं नव्हतं. सरांनी शांतपणे समजावलं. जो ग्रंथ स्वतःच म्हणतो की मी सगळ्यांसाठी नाही, तो नावासाठी प्रकाशित झाला असं मानायचं का? काही लोक म्हणतील, रिवाजाची ओळ आहे, सोडून द्या. काही म्हणतील, जे छापलंय ते छापलंय. पुन्हा छापू या, मी पैसे भरते, असं काहीतरी मी बोलू लागले. प्राचार्यांकडे जाऊन आले. निधी संपला होता. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. “अहो, चालेलही,” ते म्हणाले. “वाद झाला तर बघू.”

त्यानंतर त्यांनी ही गोष्ट मला एकदाही ऐकवली नाही. मीच विसरू शकले नाही. अंकाच्या बारा प्रती मी मुद्दाम निरनिराळ्या ग्रंथालयांना पाठवल्या आणि जावक नोंदवहीत प्रत्येकीची तारीख लिहून ठेवली.

*

सर निवृत्त झाले, तरी रोज अकरा वाजता ग्रंथालयात येतच राहिले. पाच-सहा वर्षं गेली असतील. एक दिवस साताऱ्याकडच्या एका तरुण संशोधिकेची ईमेल आली. तिनं त्याच डोंगररांगेतून एक नवा खेकडा प्रसिद्ध केला होता, वेगळ्या नावानं. नंतर एका ग्रंथालयात आमचा अंक तिच्या हाती लागला, माझ्या बारांपैकीच एक, आणि तिनं कपाळाला हात लावला. खेकडा तोच होता.

ती भिवंडीला आली. सडपातळ, पाठीवर मोठी सॅक, आल्या आल्या सरांच्या पाया पडायला वाकली. सर मागे सरले. “अगं, आधी खेकडा दाखव!”

दोघं दुपारभर बोलत बसली. शेवटी ती म्हणाली, “सर, तुमचं नाव आधीचं आहे. पण तुमचा अंक चालतो की नाही, मला खरंच ठरवता येत नाहीये.”

“मलाही नाही,” सर म्हणाले. “दोघं मिळून आयोगाला विचारू या.”

अर्ज माझ्याच टेबलावर तयार झाला. मी जावक नोंदवहीतल्या बारा नोंदींच्या छायाप्रती लावल्या. अंकाच्या पानांच्या प्रती काढताना मात्र मागचं आवरण बाजूला ठेवलं. सरांनी कागद मोजले आणि ते पान मागितलं.

“त्याची काय गरज आहे?” मी म्हटलं. “लेख पाठवतोय ना आपण? त्यांनी विचारलं तर देऊ.”

सरांना रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. लूमच्या घरातला तो माणूस इतकं हळू बोलला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

“मॅडम, आयोगाला प्रश्नच त्या पानाबद्दल आहे. ते लपवून जिंकलो, तर बुधीबाईचं नाव चोरून लावल्यासारखं होईल.”

मी पान लावलं. सगळ्यात वर लावलं.

निकालाला दोन पावसाळे गेले, आणि त्याच काळात पाड्यावर अडचण उभी राहिली. डोंगराच्या पायथ्याशी नवं गोदाम होणार होतं आणि त्याचा रस्ता बुधीबाईच्या ओहोळावरून जाणार होता. ओहोळ भरून टाकायचा असं ठरत होतं. ग्रामपंचायतीत गावातल्या झाडाप्राण्यांची एक नोंदवही असते. ग्रामसेवक चांगला होता. तो सरांकडे आला. “सर, ह्या चिंबोरीची नोंद केली तर रस्त्याच्या बैठकीत मला बोलता येईल. पण शास्त्रीय नावाचा रकाना रिकामा ठेवला तर वरचे म्हणतात, असा प्राणीच नाही. दोनातलं कुठलंही एक लिहा.”

“निकाल नाही आला अजून,” सर म्हणाले.

“अहो, बघतंय कोण!”

“मी बघतोय ना.”

ग्रामसेवक वैतागून गेला. मीही सरांवर वैतागले. एवढा ओहोळ बुजणार, आणि हा माणूस एका रकान्यासाठी अडून बसलाय! पण सर गप्प बसले नव्हते. दर आठवड्याला ते तालुक्याच्या कार्यालयात जाऊन बसत. ‘नवी जात, नाव आयोगासमोर प्रलंबित’ असं लिहिलेला अर्ज ते इतक्या मोठ्यानं वाचून दाखवत की शेवटी एका साहेबानं, बहुधा कानांवर दया म्हणून, निकाल येईपर्यंत भराव थांबवा असा शेरा मारला.

*

निकाल आला. आमचा अंक नामकरणाच्या कामासाठी प्रकाशित मानता येत नाही. तो न चालणाऱ्या ग्रंथांच्या यादीत जाईल.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. एवढ्या वर्षांनी, एका ओळीसाठी. पलीकडून सरांचा नेहमीचा आवाज आला. “मॅडम, जरा बघा तरी! आपल्या भिवंडीच्या कॉलेजचा वार्षिक अंक कोणाच्या शेजारी बसलाय! ती हातानं रंगवलेली पुस्तकं आहेत ना, त्यांच्याच यादीत!” ते खरंच खूश होते की मला हसवत होते, मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाड्यावर गेलो. हे स्वतः जाऊनच सांगायला हवं, असं सरांचं म्हणणं. बुधीबाई भात झोडत होती. सरांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

“म्हंजे माझं नाव गेलं?”

“हो. चूक आमची. आता त्या पोरीनं ठेवलेलं नाव लागेल.”

“चूक माझी,” मी म्हटलं.

बुधीबाईनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “ऱ्हाऊ द्या वो. चिंबोरी बिननावाची न्हाय ऱ्हायली ना? मंग झालं.” आणि पाणी आणायला आत गेली. परतताना सरांनी स्कूटर अंबाडीच्या नाक्यावर थांबवून चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसत राहिले.

आता प्रयोगशाळेत ठेवलेल्या दुसऱ्या नमुन्याच्या बाटलीवर नवी चिठ्ठी लावायची होती. सर म्हणाले, नाव उतरवून घेण्याआधी त्या मुलीचा लेख नीट वाचतो. आजवर त्यांनी त्यातलं खेकड्याचं वर्णनच वाचलं होतं, आणि ते त्यांना आवडलंही होतं. मी लेख छापून दिला. सरांनी शेवटून वाचायला सुरुवात केली. शेवटचं पान, त्याआधीचं, त्याआधीचं. मग पुन्हा शेवटचं. मग म्हणाले, “मॅडम, दार लावा.”

तिचा लेख कागदावर निघालाच नव्हता, फक्त इंटरनेटवर होता. तसं चालतं. पण अशा लेखाची आयोगाच्या नोंदणीत आधी नोंद व्हावी लागते आणि ती झाल्याचा पुरावा लेखातच दिसावा लागतो. तो कुठेच नव्हता. आयोगाला आम्ही फक्त आमच्या अंकाबद्दल विचारलं होतं. तिच्या लेखाकडे त्या नजरेनं कोणी पाहिलंच नव्हतं.

“म्हणजे?”

“म्हणजे तिचंही नाव लागत नाही. खेकडा आज बिननावाचा आहे.”

मला ते कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तशी मी उठूनच उभी राहिले. “सर! मग आता तुम्ही छापा! आठवड्यात छापू. माझ्या ओळखीचं नियतकालिक आहे, छापील निघतं. बुधीबाईचं नाव परत मिळतंय!”

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ते हवं होतं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. त्यांचा हात टेबलावरच्या लेखावर होता. सत्तरीकडे झुकलेला माणूस. आयुष्यात एकच जात शोधलेली. कोणालाही न विचारता छापलं असतं, तर नियमानं त्यांना कोणी अडवलं नसतं.

“तिचा नंबर लावा,” ते म्हणाले. “स्पीकरवर नको. माझा आवाज पुरतो.”

त्यांनी तिला सगळं सांगितलं. कोणतं पान, काय राहिलंय, काय करायला हवं. “लवकर दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध कर. दुसऱ्या कोणी बघायच्या आत.” मग ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. सरांचा चेहरा तेवढा दिसत होता. त्यांनी एकदा ‘नाही’ म्हटलं, परत ‘नाही, बेटा’ म्हटलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “मग लेखावर तुझं नाव आधी, माझं नंतर. ते कबूल असेल तर.”

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. “म्हणते, दोघं मिळून लिहू. आणि खेकड्याचं नाव बुधीबाईचंच ठेवायचं म्हणते. तिनं पाड्यावर बुधीबाईच्या हातची भाकरी खाल्लीय म्हणे. आणि म्हणते, तुम्ही सांगितलंच नसतं तर मला कधी कळलं असतं?”

तो लेख कागदावर छापून निघाला, नोंदणीसह. शेवटचं पान तपासायचं काम सरांनी मला दिलं. मी ते नऊ वेळा वाचलं. मग भाभींना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पुरे आता, मलाही पाठ झालं.”

ग्रामसेवकानं रकान्यात नाव भरलं, बैठकीत वही उघडून ठेवली आणि पुष्कळ वादावादीनंतर ठरलं की ओहोळ भरायचा नाही, वरून पूल घालायचा. पूल कसा बांधतात ते बघायला सर तिथे रोज जात आणि कामगारांना भिवंडीच्या हिंदीत सूचना देत. पुलाखाली पाणी वाहतंय. चिंबोऱ्या आहेत. पूर्वीइतक्या नाहीत असं बुधीबाई म्हणते, पण आहेत.

मागच्या महिन्यात ती आम्हाला आणखी वर, डोंगराच्या खांद्यावर घेऊन गेली. सातारची मुलगीही आली होती. तिथल्या झऱ्यातून बुधीबाईनं एक खेकडा काढला. इवलासा, रंगानं राखाडी, पाय लांबसडक. मुलीनं तो तळहातावर उलटा केला आणि सरांकडे पाहिलं. सर खडकावर खाली बसले.

“बुधीबाई, ह्याला काय म्हणता तुम्ही?”

“ह्याला नाव न्हाय. ठेवा की तुमी.”

“मी नाही,” सर म्हणाले. “ह्या खेपेला तुम्ही ठेवा. आम्ही दोघं वर्णन लिहू.”

बुधीबाई हसली नाही. तिनं मान हलवली, खेकडा पुन्हा एकदा हातात घेऊन नीट पाहिला, आणि मुलीच्या तळहातावर परत ठेवला. आठ दिवसांनी तिच्या नातीच्या फोनवरून सरांना फोन आला. मी समोरच बसले होते. नाव ठरलं होतं. सरांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, मग कागदावर लिहून माझ्याकडे सरकवलं.

मला ते नाव फार आवडलंय. पण इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला सर ‘नागडं नाव’ म्हणतात. काल मी हे सगळं त्यांना वाचून दाखवायला बसले, तेव्हा त्यांनी मध्येच हात वर केला आणि सबंध वाचनकक्षाला ऐकू जाईल असं सांगितलं, “बाकी काय हवं ते लिहा मॅडम, पण बुधीबाईचं लेकरू कपडे घालूनच बाहेर पडेल!”